सहा महिन्यांनी त्या घरी कोण जाणार?

पत्र असं आहे:

"सलाम. मी मूळची नगरची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. आमच्या इथल्या चर्चच्या मंडळीतून दर उन्हाळ्यात एक गट आठवडाभरासाठी मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात जातो. तिथल्या माया आदिवासी कुटुंबांच्या घरांत धुराड्याच्या चुली बांधायच्या, मातीच्या जमिनीवर काँक्रीट करायचं आणि संध्याकाळी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनासभा, असा कार्यक्रम असतो. यंदा चौदा जण आहोत, माणशी अडीच हजार डॉलर खर्च. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला जायची फार ओढ आहे. खरं सांगायचं तर मलाही आहे. पण ऑफिसातली मैत्रीण म्हणते, 'तुला थापी धरता येत नाही. विटा रचायला विमानाने कशाला जातेस? तेच पैसे पाठव की.' आई फोनवर म्हणाली, 'आपल्या नगरकडे काय कमी आहे?' आणि एक गोष्ट माझ्याच मनाला खटकते. मागच्या वर्षीचे फोटो पाहिले, तर चुली मिळालेली सगळी घरं त्या एकाच चर्चच्या सभासदांची दिसतात. पाळकांना विचारायचा संकोच वाटतो. जाऊ की नको? – प्रभूत तुमची भगिनी"

ताई, सलाम.

जा, पण पाळकांना एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आपण परत आल्यावर सहा महिन्यांनी त्या चुलीपाशी कोण जातं? या प्रश्नाला त्यांनी एका माणसाचं नाव सांगितलं, म्हणजे तिथल्या गवंड्याचं, तिथल्या आरोग्यसेविकेचं किंवा स्थानिक संस्थेतल्या कुणाचं, तर मुलाला घेऊन आनंदाने जा. "आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जातोच की" असं उत्तर आलं, तर यंदा थांबा.

कारण सांगते. त्यासाठी आधी त्या स्वयंपाकघरात जाऊ.

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडचा हा डोंगरी मुलूख दोन-अडीच हजार मीटर उंचीवर आहे. रात्री थंडी कडक. घर मातीच्या विटांचं किंवा फळ्यांचं, वर पत्रा. आत जमिनीवर तीन दगड, त्यांच्यामध्ये जाळ, जाळावर मातीचा किंवा पत्र्याचा तवा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटून त्याच्या भाकऱ्या, म्हणजे तोर्तिया, दिवसातून दोन-तीन वेळा भाजायच्या. घेवड्याची उसळ तासन्‌तास रटरटत असते. बाईच्या पाठीला झोळीत लेकरू. आपल्याकडच्या चुलीपुढे जन्म गेलेल्या कुठल्याही आजीला हे चित्र परकं वाटणार नाही. तोच धूर, तेच चुरचुरणारे डोळे, आणि रांगतं मूल जाळाजवळ गेलं की तीच भीती. कंबरेइतक्या उंचीवर बांधलेली, लोखंडी पत्र्याची आणि धुराडं असलेली चूल त्या घरात आली की भाजण्याचे अपघात टळतात, वाकून वाकून धरलेली पाठ मोकळी होते, धूर छपरावरून बाहेर जातो. तिथे या चुलीला 'प्लांचा' म्हणतात. तेव्हा तुमचा गट जे काम करतो ते फुकाचं आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही.

मात्र धुराडं लावलं म्हणजे आजार गेला, इतकं ते सोपं नाही. याच देशात सान मार्कोस भागात 2002 ते 2004 या काळात एक मोठा अभ्यास झाला. कर्क स्मिथ हे त्याचे प्रमुख संशोधक. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजणारे तेच. ग्वाटेमालात त्यांनी पाचशेहून अधिक घरं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्या घरांना सुरुवातीलाच प्लांचा दिली, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चुलींची देखभाल होत होती आणि दर आठवड्याला माणसं घरोघर जाऊन बाळांची तब्येत पाहत होती. इतकी निगराणी असूनही बाळांच्या अंगात जाणारा धूर साधारण निम्म्यावरच आला. एकूण न्यूमोनिया खात्रीने कमी झाला असं म्हणता आलं नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र जवळपास एक तृतीयांशाने घटला. लेकरू वाचणं ही थोडी गोष्ट नाही. पण दर आठवड्याला कुणीतरी घरी येत असताना मिळालेलं हे यश आहे, हे विसरू नका.

कुणी येत नसेल तर काय होतं, तेही आपल्याच देशात मोजून झालंय. ओडिशात रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुली दिलेल्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरून गेला. चुलींना तडे गेले, धुराडी तुंबली, डागडुजी झाली नाही आणि बायका हळूहळू जुन्या चुलीकडे वळल्या. महाराष्ट्रात निर्धूर चुलींची सरकारी मोहीम चालली तेव्हाही अनेक गावांत हेच घडलं. मी एका घरात अशी चूल पाहिली होती. चुलीवर तांदळाचा डबा, वैलावर मिसरीची पुडी आणि आगपेटी, आणि बाजूला विटांची साधी चूल पेटलेली. घरची बाई म्हणाली, "पाइप भरला, पावसात पत्र्यातून गळाया लागलं, मग कोन दुरुस्त करनार?" चूल कशी वापरायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुरुस्त करणारा माणूसच गावात नव्हता.

म्हणून सहा महिन्यांचा प्रश्न. तुम्ही उन्हाळ्यात जाल तेव्हा तिथे पावसाळा चालू असेल, मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. छपराचा पत्रा कापून जिथून पाइप वर काढतात, ते भोक नीट बंद झालं नाही तर पहिल्याच सरीत चुलीवर पाणी. पाइपात काजळी धरते, ती ठरावीक दिवसांनी काढावीच लागते. ती कोण काढणार, कशाने काढणार, पाइप गंजला तर नवा कुठल्या बाजारात आणि किती केत्झालला (हे तिथलं चलन) मिळतो, हे घरच्यांना सांगितलंय का? मला तर चुलीच्या विटा रचण्याहून हेच काम मोठं वाटतं.

आणि उंची. ही गोष्ट अगदी हाताने करून बघण्यासारखी आहे. ग्वाटेमालातल्या माया बायका जगातल्या सर्वांत कमी उंचीच्या बायकांमध्ये मोडतात, सरासरी दीडशे सेंटिमीटरच्या आतबाहेर. न्यू जर्सीहून आलेल्या धिप्पाड तरुणाने स्वतःच्या कंबरेच्या अंदाजाने ओटा बांधला, तर तोर्तिया थापणाऱ्या बाईला तव्यावर हात पोचवायला टाचा उंचवाव्या लागतील. ती तशी दोन दिवस करील, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन दगडांपाशी बसेल. तेव्हा पहिली वीट ठेवण्यापूर्वी घरधनीण जिथे उभी राहणार तिथे तिला उभी करा. तिने कोपरात हात वाकवावा आणि गवंड्याने तिथे भिंतीवर खूण करावी. सरपण कुठल्या बाजूने घालणार, मुलं कुठे बसणार, हेही तीच सांगेल. आणखी एक विचारा: चूल पेटल्यावर घरात ऊब राहते का? तीन दगडांचा जाळ धूर देतो तशी ऊबही देतो, आणि त्या उंचीवर पहाटे ऊब लागतेच. काही घरांत नवी चूल आली तरी जुना जाळ सुटत नाही, तो यामुळेच.

फरशीच्या कामाबद्दल मला जास्त भरवसा आहे, कारण सिमेंटची जमीन वापरायला कुणाला शिकावं लागत नाही. शेजारच्या मेक्सिकोत कोआविला राज्याने 2000 साली 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की जमीन, ही योजना सुरू केली. मातीची जमीन असलेल्या घरापाशी काँक्रीटचा ट्रक यायचा, आतली तयारी आणि काँक्रीट पसरण्याचं काम घरचेच करायचे. घरामागे खर्च साधारण दीडशे डॉलर. पुढे संशोधकांनी त्या घरांची शेजारच्या राज्यातल्या तशाच घरांशी तुलना केली. पूर्ण जमीन पक्की झालेल्या घरांतल्या लहान मुलांत जंत 78 टक्क्यांनी, जुलाब 49 टक्क्यांनी आणि रक्तक्षय 81 टक्क्यांनी कमी होता. आयांच्या मनावरचा ताणही कमी आढळला. आकडे वाचून मी थक्क झाले होते. पण काम कुणी केलं ते पाहा. बाहेरून आलं ते काँक्रीट, बाकी हात घरचे.

काँक्रीट ओतून तुम्ही शुक्रवारी निघाल. मग पाणी कोण मारणार? निदान सात दिवस तरी जमीन ओली ठेवावी लागते, नाहीतर वर्षभरात पापुद्रे सुटतात. डोंगरात पाणी लांबून आणायचं असेल तर तेवढ्या हंड्यांची सोय आधी व्हायला हवी. त्याआधी खालची माती धुमसाने नीट ठोकली पाहिजे. घाईच्या आठवड्यात नेमकं हेच राहून जातं.

आता मैत्रिणीचं म्हणणं. हिशोबात ती बरोबर आहे. 1998 साली मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरं बांधायला तिकडे गेले. होंडुरासमध्ये राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी नंतर त्या घरांतल्या कुटुंबांना भेटून आणि गटांतल्या लोकांना प्रश्न विचारून अभ्यास केला. घर बांधायला लागायचे साधारण दोन हजार डॉलर, आणि एका गटाचा प्रवासासकट खर्च तीस हजारांच्या घरात. परदेशी गटाने बांधलेलं घर आणि स्थानिक संस्थेने बांधलेलं घर, यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. जाऊन आलेल्यांचं दान आणि प्रार्थना वाढेल असा सगळ्यांचा समज होता, तोही फारसा खरा ठरला नाही. तुमच्या चौदा जणांचे पस्तीस हजार होतात. तिथे एक चांगली प्लांचा शे-दोनशे डॉलरच्या आसपास उभी राहते. पुढचा हिशोब तुम्ही केलाच असेल.

तरीही "पैसे पाठव आणि मोकळी हो" हे मला पटत नाही. जी माणसं जात नाहीत ती पाठवतातच असं नाही, बहुतेकदा विसरतात. तुमच्या मनात ओढ आहे, मुलाच्या मनात आहे. ती विझवून टाकण्याएवढी स्वस्त नाही. तिला वळण लावा. गटाने नेहमीपेक्षा निम्म्या माणसांनी जावं, वाचलेल्या तिकिटांच्या पैशांतून तिथल्या गवंड्याला वर्षभराची मजुरी द्यावी आणि तुम्ही त्याच्या हाताखाली काम करावं, अशी सूचना पाळकांपुढे ठेवून बघा. तुम्हाला थापी धरता येत नाही, हे माझ्या मते अडचणीचं नाहीच. गवंड्याला वाळू चाळून देणं, विटा भिजवणं, माल कालवणं ही कामं हलकी नाहीत. आणि त्या घरातल्या पोराबाळांना बापाच्या ओळखीचा गवंडी पाहुण्यांना काम सांगताना दिसेल, याला मी फार मोल देते.

याच देशातलं आणखी एक चांगलं उदाहरण आहे. पूर्वेकडच्या हुतियापा भागात मातीच्या भिंतींच्या भेगांत एक रक्त पिणारा किडा राहतो, त्याच्यामुळे चागासचा हृदयरोग होतो. सान कार्लोस विद्यापीठाच्या संशोधकांनी गावकऱ्यांच्या सोबतीने तिथल्याच मातीत वाळू, चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून भिंतींचा गिलावा बसवला. भेगा बुजल्या, किडे घटले. बायका स्वतः गिलावा करत होत्या आणि सामान गावाच्याच आसपासचं होतं. दुरुस्ती करायला कुणाची वाट बघायची गरज उरली नाही.

आता तुम्हाला खटकलेली गोष्ट. ताई, ती खटकली हे फार चांगलं झालं. यावर मी जरा थांबणार आहे.

4 फेब्रुवारी 1976 च्या पहाटे ग्वाटेमालात भूकंप झाला. मातीच्या जड भिंती आणि कौलं झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे 23 हजार माणसं गेली, दहा लाखांवर बेघर झाली. बाहेरच्या देशांतून मदतीला गट आले, त्यांत चर्चचे पुष्कळ होते. कॅलिफोर्नियातून आलेल्या अशाच एका गटाने तिथे 'व्हर्बो' नावाचं चर्च उभं केलं. एफ्राइन रिओस मोंत हे सेनाधिकारी पुढे त्या चर्चचे सभासद झाले. मार्च 1982 मध्ये ते लष्करी बंडातून सत्तेवर आले आणि ऑगस्ट 1983 पर्यंत राहिले. त्या दीड वर्षात लष्कराने याच डोंगरातली मायांची गावंच्या गावं जाळली, माणसं मारली. देशातलं यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं. 1999 साली सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला: दोन लाखांहून अधिक माणसं मारली किंवा नाहीशी केली गेली, आणि ओळख पटलेल्या बळींत 83 टक्के माया. भूकंपानंतर हातात फावडं घेऊन आलेल्या साध्या भाविकांना पुढचं काही ठाऊक नव्हतं, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्या घरात तुम्ही चूल बांधाल, तिथल्या आजीला ती वर्षं आठवत असतील. परदेशी चर्च, मदत आणि सत्ता यांची सरमिसळ तिने पाहिलेली आहे.

आज त्या गावांत कॅथलिक आहेत, इव्हँजेलिकल आहेत, आणि पूर्वजांच्या वेदीपुढे धूप जाळणारेही आहेत. चूल फक्त एकाच चर्चच्या घरांत गेली की शेजारणीच्या मनात काय येईल? आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना हा सल सांगायला नको. "धान्यासाठी धर्म बदलला" हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी दुष्काळाच्या काळापासून ऐकला, आणि अजूनही कुणीतरी तो फेकतंच. मग तोच टोमणा ऐकण्याची वेळ आपण दुसऱ्या कुणावर कशी आणायची? पाळकांना सरळ सांगा की घरांची निवड गावाच्या समितीने किंवा आरोग्य केंद्राने करावी, ज्या घरात लहान मूल आणि सर्वांत जास्त धूर त्याला आधी. प्रार्थनासभा असू दे. फक्त तिचा चुलीच्या यादीशी काडीचाही संबंध नसावा आणि हे गावाला आधीच कळलेलं असावं. संकोच करू नका. तुम्ही नगरच्या आहात, हे सांगायचा तुमच्याइतका अधिकार त्या चौदा जणांत कुणालाच नाही.

नगरवरून आठवलं. आईला फादर हर्मन बाखर यांचं नाव माहीत असेल. स्वित्झर्लंडहून 1948 साली हे जेसुइट धर्मगुरू भारतात आले, मराठी बोलू लागले आणि नगर जिल्ह्याच्या कोरड्या गावांत पाणलोटाचं काम करत उभं आयुष्य घालवलं. गावाने श्रमदान केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, हा त्या कामाचा नियम होता, आणि गाव कुठल्या धर्माचं हे कुणी विचारलं नाही. ग्वाटेमालातही असे होते. ओक्लाहोमाहून 1968 साली सांतियागो अतित्लानला आलेले फादर स्टॅनली रॉदर तिथली त्सुतुहिल भाषा शिकले. धमक्या आल्यावर मायदेशी गेले, तीनच महिन्यांत परतले, आणि जुलै 1981 मध्ये त्यांना त्यांच्याच घरात मारलं गेलं. तुमच्या आठवड्याची मी या आयुष्यांशी तुलना करत नाही. एवढंच सुचवते की दरवर्षी नवं गाव, नवे फोटो यापेक्षा तुमच्या मंडळीने एकच गाव धरावं आणि पाच-सात वर्षं सोडू नये.

आईच्या म्हणण्यात तथ्य आहेच, पण ते जाण्याच्या आड येत नाही. 2006 साली लोणावळ्याजवळ मळवलीला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासोबत देशोदेशीचे स्वयंसेवक शंभर घरं बांधायला आले होते, तेव्हा त्यांनाही घरून कुणीतरी "आपल्याकडे काय कमी आहे" म्हणालंच असेल. नगरसाठी काही करायचं मनात असेल तर सुट्टीत जाल तेव्हा आईला सोबत घेऊन करा. त्यासाठी ग्वाटेमाला रद्द करायची गरज नाही.

मुलाशी मात्र निघण्याआधी बसून बोला. अजून वेळ आहे, तोवर त्याने शाळेतलं स्पॅनिश घासून घ्यावं. मोठ्या माणसांची मूळ भाषा काक्चिकेल किंवा कीचे असेल, तरी पोरं स्पॅनिश बोलतात. कुणाच्या लेकराला उचलून फोटो काढायचा नाही. घरात शिरायच्या आधी विचारायचं, स्वयंपाकघरात तर नक्कीच. घरातल्या बाईने तोर्तिया पुढे केली तर नको म्हणायचं नाही, पूर्ण खायची. काम संपल्यावर गवंड्याचा फोन नंबर घ्यायचा आणि दर दोन महिन्यांनी त्याला विचारायचं की पाइप साफ झाला का, जमिनीला तडा गेला का. सोळा वर्षांच्या मुलाला हे नक्की जमतं, आणि आईने आठवण करून दिली नाही तर जास्तच जमतं.

शेवटचं पैशाचं. तुमचे दोघांचे पाच हजार डॉलर जाणार आहेत. पाळकांनी नाव सांगितलं आणि जायचं ठरलं, तर त्याच दिवशी मंडळीच्या खजिनदाराकडे लिहून द्या की पुढची तीन वर्षं दरमहा अमुक रक्कम त्या गवंड्याच्या मजुरीसाठी आणि पाइप-पत्र्यासाठी देईन. परत आल्यावर ठरवू, असं म्हणू नका. आणखी दोन-तीन कुटुंबांना याच कागदावर सही करायला लावा. नाव सांगता आलं नाही, तर याच पाच हजारांतून आधी तो माणूस नेमायला मंडळीला मदत करा आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे कामाला जा.